पटावरचं मूल कोणाचं?

‘चार्टर’ या इंग्रजी शब्दाला आपल्याकडे जुना, मुरलेला शब्द आहे: सनद. सनद म्हटलं की मोडी कागद, शिक्का आणि कुणाला तरी मिळालेलं इनाम गाव डोळ्यांपुढे येतं. सनदेत दोन गोष्टी असतात. एक, तुला अमुक करायची मुभा दिली. दोन, त्याबदल्यात तू अमुक द्यायचंस. पहिली गोष्ट सगळ्यांच्या लक्षात राहते. भांडणं मात्र दुसरीवरून होतात.

१९७४ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या रे बडी नावाच्या प्राध्यापकांनी एक निबंध मांडला. शाळा चालवणाऱ्या मंडळानं शिक्षकांच्या गटाला थेट सनद द्यावी, तीन ते पाच वर्षं त्यांच्या कामात नाक खुपसू नये आणि मुदत संपली की हिशेब मागावा, अशी त्यांची कल्पना होती. सनद कशी असते हे समजावताना त्यांनी उदाहरण घेतलं ते हेन्री हडसन या दर्यावर्द्याच्या डच ईस्ट इंडिया कंपनीशी झालेल्या १६०९ सालच्या कराराचं. जहाज कंपनीचं, वाट शोधायची हडसननं आणि परत आल्यावर नोंदवह्या कंपनीच्या ताब्यात. निबंधाकडे तेव्हा कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनमध्ये दुसरा एक कागद सहीला आला. तो होता विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या खासगीपणाचा कायदा, ज्याला आज सगळे ‘फर्पा’ म्हणतात.

या दोन कागदांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती. पुढे दोन दशकांनी त्यांची गाठ पडली, आणि तेव्हापासून एक प्रश्न अमेरिकेत सुटता सुटत नाही: चार्टर शाळेत शिकणाऱ्या मुलाची माहिती, शाळेला सनद देणाऱ्या डिस्ट्रिक्टनं किती मागायची आणि शाळेनं किती द्यायची?

लोखंडी कपाटातली फाईल

आधी कायद्याची गोष्ट. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकी शाळांमध्ये प्रत्येक मुलाची एक फाईल असायची आणि ती बालवाडीपासून बारावीपर्यंत त्याच्यामागे फिरायची. तिच्यात गुण आणि हजेरी असायचीच, शिवाय बुद्ध्यांक, स्वभावाबद्दल शिक्षकांचे शेरे, घरच्या परिस्थितीबद्दलच्या टिपा, असं काय काय असायचं. गंमत अशी की, बऱ्याच ठिकाणी ही फाईल पोलिसांना पाहता यायची, पण आईवडिलांना नाही.

१९६९ मध्ये रसेल सेज फाउंडेशननं या विषयावर तज्ज्ञांना एकत्र बसवलं आणि पुढच्या वर्षी शाळांसाठी मार्गदर्शक तत्त्वं छापली. डायन डिवोकी या पत्रकार बाईंनी शाळांतल्या या गुप्त नोंदींबद्दल लेख लिहिले. त्यातच वॉटरगेट घडलं, आणि सरकारी कपाटात आपल्याबद्दल काय लिहून ठेवलंय या विचारानं सगळा देशच अस्वस्थ झाला. न्यूयॉर्कचे सेनेटर जेम्स बकली यांनी शिक्षणविषयक मोठ्या विधेयकाला थेट सभागृहात एक दुरुस्ती जोडली. समितीपुढे सुनावणी वगैरे काही झाली नाही. २१ ऑगस्ट १९७४ रोजी जेराल्ड फोर्ड यांनी सही केली. निक्सन यांना पायउतार होऊन तेव्हा जेमतेम बारा दिवस झाले होते.

कायद्याचं पहिलं वचन साधं होतं: मुलाची फाईल पाहण्याचा पालकाला हक्क आहे. दुसरं: फाईलीत चूक असेल तर ती दुरुस्त करा असं म्हणण्याचा हक्क आहे. तिसरं: पालकाच्या लेखी संमतीशिवाय ती बाहेर द्यायची नाही.

मग अपवाद आले. त्यातले दोन आपल्या कामाचे. पहिला अपवाद शाळेच्या आतल्या माणसांसाठी: ज्यांना शैक्षणिक कामासाठी फाईल लागते त्यांना ती पाहता येते. दुसरा बाहेरच्या सरकारी शिक्षण यंत्रणांसाठी: सरकारी पैशानं चालणाऱ्या कार्यक्रमाची तपासणी किंवा मूल्यमापन करायचं असेल तर त्यांना नोंदी मागता येतात, पण काम संपलं की त्या नष्ट करायच्या.

कायद्याला दात मात्र नव्हते. तो मोडला तर शिक्षा एकच, केंद्र सरकारचा निधी थांबवणं, आणि ती आजवर एकाही संस्थेला झालेली नाही. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोन्झागा विद्यापीठाच्या खटल्यात हेही स्पष्ट केलं की, या कायद्याच्या आधारे विद्यार्थ्याला किंवा पालकाला स्वतः दावा लावता येणार नाही.

हा कायदा वाचताना सारखं जाणवतं की, लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे एक इमारत होती. इमारतीत एक लोखंडी कपाट. आतली माणसं कोण आणि बाहेरची कोण, हे दारात उभं राहून सांगता येत होतं.

मुभा आणि हिशेब

बडींच्या निबंधाचं नशीब चौदा वर्षांनी उघडलं. त्यांनी १९८८ मध्ये तो पुस्तकरूपानं काढला, आणि त्याच वर्षी ३१ मार्चला शिक्षक संघटनेचे नेते अल्बर्ट शँकर यांनी वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये अशा शाळांची कल्पना जाहीरपणे मांडली. १९९१ मध्ये मिनेसोटा राज्यानं पहिला कायदा केला. सुरुवातीला आठच शाळांना परवानगी होती. १९९२ मध्ये सेंट पॉल शहरातल्या एका रिक्रिएशन सेंटरच्या इमारतीत ‘सिटी अकॅडमी’ ही पहिली शाळा भरली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियानं आणि १९९३ मध्ये कोलोरॅडोनं कायदे केले. आज चाळीसहून अधिक राज्यांत चार्टर शाळा आहेत. शँकर स्वतः मात्र १९९३ पर्यंतच या प्रयोगावर नाराज झाले होते. खासगी कंपन्यांचा शिरकाव त्यांना दिसू लागला होता.

इथे ‘डिस्ट्रिक्ट’चा अर्थ सांगायला हवा. हा आपला कलेक्टरचा जिल्हा नव्हे. स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे शाळा चालवणारी स्वतंत्र स्थानिक संस्था. तिचं मंडळ बहुतेक ठिकाणी लोक निवडून देतात. तिच्याकडे पैसा, शाळा आणि हद्द असते. चार्टर शाळा सरकारी पैशानं चालते, फी घेत नाही, पण डिस्ट्रिक्टच्या रोजच्या कारभारातून मोकळी असते. तिला सनद देणाऱ्या संस्थेला ‘ऑथरायझर’ म्हणतात. विद्यापीठं आणि राज्यस्तरीय मंडळंही सनद देतात, पण बहुसंख्य ऑथरायझर डिस्ट्रिक्टच आहेत. म्हणजे, ज्याच्या शाळेतून मुलं उचलायची, त्याच्याच हाती तुमची सनद.

सौदा असा होता: मुभा घ्या, हिशेब द्या. हिशेब म्हणजे सुरुवातीला वर्षाअखेरचा एक अहवाल. किती मुलं, सरासरी गुण किती, पैसा कुठे गेला.

मग जानेवारी २००२ मध्ये ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायदा आला आणि हिशेबाची जात बदलली. आता शाळेची सरासरी पुरेना. गरीब घरातली मुलं, अपंग मुलं, इंग्रजी न बोलणाऱ्या घरातली मुलं, प्रत्येक वंशाची मुलं, अशा गटागटानं निकाल दाखवायचे होते. त्यासाठी प्रत्येक मुलाच्या नावापुढे तो गरीब आहे का, अपंग आहे का, घरी कोणती भाषा बोलतो, हे लिहिणं भाग होतं. २००५ पासून केंद्र सरकार राज्यांना मुलाच्या नोंदी वर्षानुवर्षं जोडून ठेवणाऱ्या यंत्रणा उभारायला अनुदान देऊ लागलं. २००९ च्या आर्थिक मदत पॅकेजमध्ये त्यासाठी २५ कोटी डॉलर होते.

यामागचा हेतू चांगला होता. सरासरीच्या आड ज्या मुलांचं नापास होणं लपत होतं, ती यामुळे दिसू लागली. पण हिशेबाचा कागद आता एका आकड्याचा राहिला नाही. एकेका मुलाची एकेक ओळ असा तो तक्ता झाला.

एक घर की दोन?

इथे १९७४ चे दोन्ही कागद समोरासमोर आले. डिस्ट्रिक्टची नेहमीची शाळा आणि डिस्ट्रिक्टचं कार्यालय हे एकच घर. फाईल या खोलीतून त्या खोलीत गेली तर कायदा फारसा आड येत नाही. पण चार्टर शाळा आणि तिला सनद देणारा डिस्ट्रिक्ट हे एक घर की दोन?

उत्तर राज्यागणिक वेगळं आहे. कोलोरॅडोत डिस्ट्रिक्टनं सनद दिलेली शाळा कायद्यानं त्या डिस्ट्रिक्टचीच शाळा असते. दुसऱ्या अनेक राज्यांत चार्टर शाळा स्वतःच एक छोटा डिस्ट्रिक्ट मानली जाते. कॅलिफोर्नियात तर एकच शाळा निधीसाठी स्वतंत्र आणि विशेष शिक्षणासाठी मात्र सनद देणाऱ्या डिस्ट्रिक्टची, असंही असू शकतं.

म्हणजे तीच फाईल, तीच मुलं. एका राज्यात ती देणं म्हणजे घरातल्या घरात डबा सरकवणं, दुसऱ्या राज्यात शेजाऱ्याला चावी देणं. शेजारी असेल तर ‘तपासणी आणि मूल्यमापन’ हा दुसरा अपवाद लागतो आणि काम झाल्यावर नोंदी नष्ट करण्याची अटही लागते.

२०११ च्या अखेरीस केंद्रीय शिक्षण खात्यानं नियम बदलून हा अपवाद बराच सैल केला. यंत्रणेच्या वतीनं नोंदी हाताळणारा ‘अधिकृत प्रतिनिधी’ आता तिनं नेमलेली कुठलीही संस्था किंवा व्यक्ती असू शकत होती, फक्त लेखी करार हवा. खासगीपणासाठी लढणारी ‘एपिक’ ही संस्था याविरुद्ध न्यायालयात गेली. २०१३ मध्ये दावा फेटाळला गेला तो मुद्द्यावर नाही, तर तुम्हाला दावा लावण्याचा अधिकारच नाही या कारणावरून.

रकाने

माझा या सगळ्याशी संबंध पोटापाण्याचा आहे. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या टीमनं दीड वर्ष एका अमेरिकी ग्राहकासाठी शाळांच्या प्रणालींमधून डेटा काढून दुसऱ्या प्रणालीत भरायचं काम केलं. शाळा कोणती, गाव कोणतं, याच्याशी आम्हाला घेणंदेणं नव्हतं. चाचणीसाठी बनावट नावं असायची. पण रकाने खरे होते.

रोज रात्री एक फाईल जायची. तिच्यात मुलाचा क्रमांक, इयत्ता, हजेरी. त्याच ओळीत पुढे घरी बोलली जाणारी भाषा, मोफत जेवण मिळतं का, मुलाचा ताबा आईकडे की वडिलांकडे, औषधोपचाराची सूचना, शिस्तभंगाची नोंद. समोरच्या कार्यालयाला शाळेची हजेरी तपासायची होती. मी एका कॉलवर विचारलं की, हजेरी तपासायला औषधांचा रकाना कशाला? उत्तर आलं, ‘असू दे, पुढेमागे लागेल.’

आमच्या धंद्यात हे वाक्य रोज ऐकू येतं. सगळे रकाने पाठवणं सोपं असतं, मोजके निवडणं कष्टाचं. निवडायचं तर कुणीतरी बसून ठरवावं लागतं की, प्रश्न नेमका काय आहे. आणि नष्ट करण्याच्या अटीचं म्हणाल, तर डेटाबेसमध्ये ‘डिलीट’ म्हणजे बहुतेक वेळा एका रकान्यात ‘सक्रिय: नाही’ असं लिहिणं. ओळ जागच्या जागी राहते.

त्यानंतर मी हा इतिहास वाचू लागले. मला वाटलं होतं की, यात एक बाजू खासगीपणाची आणि दुसरी हिशेबाची असेल, आणि कुठली तरी एक मला पटेल. तसं झालं नाही.

पटावरची भुतं

हिशेबाची बाजू किती खरी आहे, हे ओहायोत दिसलं. तिथे २००० साली ‘इकॉट’ नावाची ऑनलाइन चार्टर शाळा सुरू झाली आणि वाढत वाढत देशातल्या सर्वांत मोठ्या ऑनलाइन शाळांपैकी एक झाली. २०१५-१६ साठी तिनं पूर्णवेळ विद्यार्थी पंधरा हजारांच्या वर दाखवले. राज्याच्या शिक्षण खात्यानं प्रथमच नीट विचारलं: ही मुलं किती वेळ लॉगिन होती? त्या हिशेबानं मान्य करता आले सुमारे सहा हजार तीनशे.

शाळेचा युक्तिवाद ऐकण्यासारखा होता. कायद्यात वर्षाला ९२० तास शिक्षणाची ‘संधी देणं’ आहे, मुलानं ती घेतलीच पाहिजे असं कुठे म्हटलंय? आणि जुन्या करारानुसार तुम्ही लॉगिनचा वेळ मागूच शकत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की मागू शकता. पण तोवर शाळा बंद पडली होती. जानेवारी २०१८ मध्ये, ऐन वर्षाच्या मध्यावर, सुमारे बारा हजार मुलांना दुसरी शाळा शोधावी लागली. शाळेला सनद देणारी संस्था एवढी वर्षं होतीच. त्या राज्यात अशा संस्थेला शाळेच्या निधीतून तीन टक्क्यांपर्यंत शुल्क घेता येतं.

कॅलिफोर्नियातला प्रकार याहून विचित्र. मे २०१९ मध्ये सॅन दिएगोच्या सरकारी वकिलांनी ‘ए-थ्री’ नावाच्या चार्टर साखळीवर खटला भरला. १९ शाळा, ११ आरोपी. या शाळांना वर्ग नव्हते, मुलं घरून शिकत होती, निदान कागदावर. साखळीची माणसं मुलांच्या खेळाच्या संघांकडे जायची, संघाला दर मुलामागे पैसे द्यायची आणि बदल्यात मुलांची माहिती घ्यायची. फुटबॉल खेळायला आलेलं पोर उन्हाळ्यात चार्टर शाळेच्या पटावर चढायचं, राज्याकडून त्याच्या नावानं निधी यायचा, आणि आपलं मूल त्या शाळेत शिकतंय हे कित्येक आईवडिलांच्या गावीही नसायचं. २०२१ मध्ये दोन्ही प्रमुख आरोपींनी गुन्हा कबूल केला आणि राज्याला २० कोटी डॉलरहून अधिक रक्कम परत मिळाली.

या साखळीच्या शाळांना सनद देणाऱ्या डिस्ट्रिक्टांपैकी एक होता डेहेसा. स्वतःच्या शाळेत दीडशेच्या आसपास मुलं, आणि त्यानं सनद दिलेल्या शाळांच्या पटावर हजारो. देखरेखीचं शुल्क कॅलिफोर्नियात साधारण एक टक्का. दीडशे मुलांच्या डिस्ट्रिक्टसाठी त्या एका टक्क्याचा अर्थ काय होतो, हे सांगायला नको. डेहेसाच्या अधीक्षक बाईंचं नावही आरोपपत्रात होतं.

आपल्याला बोगस पट नवा नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये महाराष्ट्रात तीन दिवस पटपडताळणी झाली. मुलं मोजायची आणि मोजलेल्या मुलाच्या बोटाला शाई लावायची, म्हणजे तेच पोर दुपारी दुसऱ्या शाळेत बसवता येणार नाही. पटावरची सुमारे वीस लाख मुलं वर्गात सापडली नाहीत. त्या तीन दिवसांत कुणाला मुलाचं आजारपण किंवा घरची भाषा विचारावी लागली नाही. माणसं जाऊन मोजून आली.

डेहेसाचं प्रकरण वाचताना मला हेच खटकत राहिलं. माहिती कमी पडली म्हणून हा घोटाळा झाला नाही. पटाचे आकडे येत होते. कॅलिफोर्नियाच्या शिक्षण संहितेत लिहिलंय की, सनद देणाऱ्यानं प्रत्येक चार्टर शाळेला वर्षातून निदान एकदा भेट द्यावी, आणि त्याच्या सगळ्या ‘वाजवी विचारणांना’ शाळेनं तत्परतेनं उत्तर द्यावं. विचारायचा अधिकार होता. विचारण्यात रस नव्हता.

मधल्या मध्ये हरवलेली मुलं

मग डिस्ट्रिक्टला मुलाचं नाव कधीच लागत नाही का? लागतं. न्यू ऑर्लिन्समध्ये ऑगस्ट २००५ च्या कतरिना वादळानंतर राज्यानं बहुतेक शाळा ‘रिकव्हरी स्कूल डिस्ट्रिक्ट’कडे घेतल्या आणि त्या एकामागून एक चार्टर होत गेल्या. प्रत्येक शाळेचा प्रवेश वेगळा, नियम वेगळे, मुलाला काढून टाकण्याची पद्धतही वेगळी. एका शाळेनं नाव काढलं, तर ते मूल दुसऱ्या शाळेत पोचलं की घरी बसलं, हे सांगणारी एक यादी नव्हती.

२०१२ मध्ये डिस्ट्रिक्टनं दोन गोष्टी केल्या. प्रवेशासाठी सगळ्यांचा एकच अर्ज, आणि मुलाला कायमचं काढायचं असेल तर सुनावणी एकाच ठिकाणी. त्यासाठी शाळांना आपल्या मुलांची नावानिशी माहिती द्यावी लागली. इथे नाव लागत होतं, कारण प्रश्नच ‘हे मूल कुठे आहे?’ हा होता. शाळेच्या स्वातंत्र्यापेक्षा तो मोठा होता.

आणि खासगीपणाचं नाव घेऊन अडणारा दर वेळी मुलासाठीच अडतो असंही नाही. टेनेसीत २०१७ मध्ये कायदा झाला की, चार्टर शाळांनी मागितल्यास डिस्ट्रिक्टनं विद्यार्थ्यांचे पत्ते आणि फोन द्यावेत. नॅशव्हिलच्या डिस्ट्रिक्टनं नकार दिला. कारण सांगितलं मुलांच्या खासगीपणाचं, पण चार्टरवाले ती यादी घेऊन घरोघरी प्रवेशाची जाहिरात करणार आणि पट आपला घटणार, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. राज्य सरकार न्यायालयात गेलं आणि २०१८ मध्ये निकाल राज्याच्या बाजूनं लागला. डिस्ट्रिक्टनं मागितलं की चार्टर शाळांना खासगीपणा आठवतो, चार्टर शाळांनी मागितलं की डिस्ट्रिक्टला.

कपाट फुटतं तेव्हा

‘असू दे, पुढेमागे लागेल’ची किंमत कोण मोजतं, हे गेल्या दहा-बारा वर्षांत दिसलं आहे. २०१३ मध्ये ‘इनब्लूम’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. गेट्स फाउंडेशन आणि कार्नेगी कॉर्पोरेशनचे १० कोटी डॉलर, अनेक राज्यांतल्या मुलांचा डेटा एका जागी, आणि त्यासाठी चारशेच्या वर रकाने. मूल शाळा सोडून का गेलं, घरातल्या मोठ्यांशी त्याचं नातं काय, इथवर. तिथून डेटा चोरीला गेल्याचं एकही उदाहरण नव्हतं, पण न्यूयॉर्कसह एकेका राज्यातले पालक रस्त्यावर आले आणि एप्रिल २०१४ मध्ये प्रकल्प गुंडाळावा लागला. आपल्याला कुणी विचारलंच नाही, एवढाच त्यांचा मुद्दा होता.

चोरी नंतर झाली. अमेरिकेत सर्वाधिक चार्टर शाळांना सनद देणारा डिस्ट्रिक्ट लॉस एंजेलिसचा. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच्यावर सायबर हल्ला झाला, खंडणी द्यायला त्यानं नकार दिला आणि फायली डार्क वेबवर पडल्या. त्यांत सुमारे दोन हजार विद्यार्थ्यांच्या मूल्यमापनाच्या नोंदी होत्या, काहींच्या मानसिक तपासणीसकट. डिसेंबर २०२४ मध्ये ‘पॉवरस्कूल’ या शाळांच्या प्रणालीतून कोट्यवधी मुलांचा डेटा गेला. कॅनडातल्या टोरंटोच्या शाळा मंडळाच्या बाबतीत तर १९८५ पासूनच्या नोंदी त्यात होत्या. म्हणजे ज्यांची मुलं आता शाळेत जातात, त्यांचीही.

ओळ जागच्या जागी राहते, म्हणाले होते मी, ती अशी.

वाजवी विचारणा

एवढं वाचल्यावर ‘द्यावं की देऊ नये’ हा वाद मला फोल वाटू लागला. पैसा योग्य जातोय का, हा प्रश्न असेल तर मोजणी लागते: आकडे, आणि मध्येच एखाद्या दिवशी जाऊन केलेली शिरगणती. शाळा गरीब किंवा अपंग मुलांना टाळतेय का, हा प्रश्न असेल तर ओळी लागतात, पण नावं नाहीत. एखादं मूल मधल्या मध्ये हरवलंय का, हा प्रश्न असेल तर नाव लागतं, आणि मूल सापडेपर्यंतच लागतं. प्रश्न ठरला की रकाने आपोआप ठरतात. प्रश्न न ठरवता सगळेच रकाने मागणारा डिस्ट्रिक्ट आणि एकही न देणारी शाळा, दोघांनीही हिशेबाची मेहनत टाळलेली असते.

पण एक गोष्ट मला याहून जास्त टोचते. या पन्नास वर्षांत माहिती सतत वर जात राहिली. शाळेतून डिस्ट्रिक्टकडे, डिस्ट्रिक्टकडून राज्याकडे, राज्याकडून केंद्राकडे. प्रत्येक घोटाळ्यानंतर वर जाणारा पाइप आणखी रुंद झाला. १९७४ च्या कायद्याचं पहिलं वचन मात्र खाली येण्याचं होतं: फाईल पालकाला दिसेल.

कॅलिफोर्नियातल्या त्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलांचा विचार करा. त्यांची नावं पटावर होती, पट डिस्ट्रिक्टकडे होता, पैसे राज्याकडून निघत होते. इतक्या कचेऱ्यांमधून ती नावं फिरली आणि कुणालाच काही वावगं दिसलं नाही. ‘तुमच्या मुलाचं नाव अमुक शाळेत घातलं आहे’ असा एक साधा एसएमएस घरी आला असता, तर पहिल्याच संध्याकाळी कुणाची तरी आई फोन उचलून म्हणाली असती, ‘कुठली शाळा?’

तपासनीस नेमावा लागला नसता. डेटा आणखी कुणाला द्यावा लागला नसता. ज्याचं मूल, त्याला सांगितलं असतं तरी पुरलं असतं.